नेटफ्लिक्सच्या कॅटलॉगचा डॅशबोर्ड: बेरीज का जुळत नाही, आणि मराठी कुठे शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅगल या डेटासेटच्या साइटवर मिळणारी नेटफ्लिक्सच्या चित्रपट-मालिकांची सीएसव्ही फाइल घेऊन पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या साधनात इंटरॅक्टिव्ह डॅशबोर्ड करायचाय, पोर्टफोलिओसाठी. देशनिहाय आकड्यांची बेरीज एकूण शीर्षकांपेक्षा जास्त येते. जॉनरचा स्लायसर, म्हणजे पानावरचं निवडीचं फिल्टर, लावला की चित्रपटांची सरासरी लांबी पटेनाशी होते. २०२१ ला आलेख दाणकन खाली येतो. प्रोजेक्ट गाइडनी विचारलंय, यात मराठी किती ते दाखव. आणि चार्ट कुठले घ्यायचे?

चार्टचं शेवटी बघू. तुमच्या चारही अडचणींचं मूळ एकच आहे. फाइलमधली एक ओळ म्हणजे नेमकं काय, आणि ती ओळ काय सांगू शकत नाही, हे ठरवायच्या आधीच चार्ट टाकायला सुरुवात झालीय. हे पक्कं केलं की पुढचं काम दोन-तीन संध्याकाळचं आहे.

फाइलची सध्याची आवृत्ती ८,८०७ ओळींची आणि १२ कॉलमची. त्यात ६,१३१ चित्रपट आणि २,६७६ मालिका. शेवटच्या नोंदी सप्टेंबर २०२१ च्या. ही माहिती नेटफ्लिक्सने दिलेली नाही. फ्लिक्सेबल नावाच्या तिसऱ्याच शोधसाइटवरून ती गोळा केलेली आहे. म्हणजे आपल्या हातात आहे ती वर्षअखेरीला दुकानदार करतो तशी स्टॉकची मोजदाद. फळीवर काय होतं ते कळतं. काय खपलं आणि काय मधल्या काळात उचलून नेलं, ते कळत नाही. कोणी काय पाहिलं, किती वेळ पाहिलं, कुठल्या देशात कुठलं शीर्षक उपलब्ध होतं, यातलं काहीही या बारा कॉलममध्ये नाही. त्यामुळे 'प्रेक्षकांची आवड', 'सर्वात लोकप्रिय जॉनर' असली शीर्षकं डॅशबोर्डवर आली की जाणकार माणूस तिथेच वाचणं थांबवतो. जॉनरमध्ये किती शीर्षकं आहेत हा पुरवठा झाला. मागणीचा पत्ता इथे नाही.

आता बेरजेचा घोळ. कंट्री, लिस्टेड-इन (म्हणजे जॉनर), कास्ट (कलाकार) आणि डायरेक्टर या चार कॉलममध्ये एकेका खणात स्वल्पविरामाने जोडलेली अनेक नावं आहेत. बहुतेक जण पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआयच्या डेटा साफ करायच्या भागात, जाऊन मुख्य टेबलवरच स्प्लिट कॉलम बाय डिलिमिटर, त्यातलं 'रोज' (ओळी) निवडून मोकळे होतात. समजा एका चित्रपटाला तीन देश, तीन जॉनर आणि दहा कलाकार आहेत. तिन्ही कॉलम मुख्य टेबलमध्येच फोडले की त्या एका चित्रपटाच्या ९० ओळी होतात. त्याची लांबी १४० मिनिटं असेल तर सरासरीत ती ९० वेळा शिरते, आणि ज्या माहितीपटाला देश एक, जॉनर एक आणि कलाकारांची नोंदच नाही, तो एकदाच मोजला जातो. सरासरी लांबी हलते ती यामुळे. डिस्टिंक्टकाउंट, म्हणजे पुन्हा आलेलं एकदाच मोजणारं फंक्शन, वापरून शीर्षकांची संख्या सांभाळता येईल, सरासरी सांभाळता येणार नाही.

म्हणून मुख्य टेबल जसं आहे तसं ठेवा: एक शो आयडी (शीर्षकाचा ओळखक्रमांक), एक ओळ. पॉवर क्वेरीत त्याचे रेफरन्स, म्हणजे त्यावर आधारलेल्या प्रती, काढा. एका रेफरन्समध्ये फक्त शो आयडी आणि देश, दुसऱ्यात शो आयडी आणि जॉनर. फोडायचं ते इथे. हे झाले ब्रिज, म्हणजे जोडणारे, टेबल. देशांची आणि जॉनरची डुप्लिकेट काढलेली दोन छोटी डायमेन्शन (नुसत्या यादीची) टेबलं वेगळी करा आणि स्लायसर कायम त्यांच्यावरच लावा. मुख्य टेबल आणि ब्रिज यांच्यामधलं फिल्टरिंग दोन्ही दिशांनी चालू ठेवा, नाहीतर देश निवडल्यावर मुख्य टेबल ढिम्म हलणार नाही. बायडायरेक्शनल रिलेशनशिप टाळावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि एरवी ते बरोबरच आहे. पण इथे वर्तुळ तयार होत नाही, आणि साडेआठ-नऊ हजार ओळींत वेगाचा प्रश्न येत नाही. कलाकारांचा ब्रिज केलाच पाहिजे असं नाही; कलाकार शोधायची सोय द्यायची असेल तरच करा.

फोडताना स्वल्पविराम आणि स्पेस मिळून डिलिमिटर धरू नका. नुसत्या स्वल्पविरामावर फोडा, मग ट्रिम करा, मग रिकाम्या ओळी काढून टाका. कारण काही खणांत मजकुराची सुरुवातच स्वल्पविरामाने होते, तर काहींत 'युनायटेड किंग्डम,' असा शेपटाला लटकलेला स्वल्पविराम आहे. तो राहिला की ब्रिटन दोन देश होऊन यादीत बसतो. सोव्हिएत युनियन आणि पश्चिम जर्मनीही भेटतील. त्यांना आजच्या नकाशावरच्या देशांत ढकलायचं की तसंच ठेवायचं हा तुमचा निर्णय, पण डॅशबोर्डवर एका ओळीत तो लिहून ठेवा.

आता तुमच्या पहिल्या अडचणीकडे जरा नीट बघा, कारण या सगळ्या डेटातली सर्वात चांगली गोष्ट तिथेच दडलीय. देशांची बेरीज ८,८०७ पेक्षा जास्त येणं ही चूक नाही. एकाच शीर्षकाचे निर्माते दोन-तीन देशांतले असतील तर ते प्रत्येक देशाच्या खात्यात यायलाच हवं. कार्डवर एकूण संख्या मुख्य टेबलवरून दाखवा आणि देशांच्या चार्टखाली 'एक शीर्षक अनेक देशांत मोजलेले असू शकते' असं लिहा, विषय संपला. पण तिथे थांबू नका. प्रत्येक देशासाठी दोन आकडे काढा: ज्या शीर्षकांपुढे तो देश एकटाच आहे ती, आणि ज्यांत तो कुठेही आहे ती. अमेरिका एकटी २,८१८, सगळी मिळून ३,६९०. ब्रिटन एकटा ४१९, सगळी मिळून ८०६. भारत एकटा ९७२, सगळी मिळून १,०४६. म्हणजे ब्रिटनच्या खात्यातली जवळजवळ निम्मी शीर्षकं कुणाच्या ना कुणाच्या भागीदारीतली, अमेरिकेची सुमारे २४ टक्के आणि आपली जेमतेम ७ टक्के. ज्या आकड्याने तुम्हाला वैताग दिला त्यातूनच डॅशबोर्डचा सर्वात बोलका चार्ट निघतो. आडव्या बार चार्टमध्ये 'एकट्याची' आणि 'भागीदारीची' असे दोन रंग, देश पहिले दहा. बस.

तसाच दुसरा चार्ट चित्रपट आणि मालिका यांच्या प्रमाणाचा. एकूण कॅटलॉगमध्ये चित्रपट साधारण ७० टक्के. ही डोनट प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर असते आणि ती बघून कोणाचंच काही शिकणं होत नाही. हेच प्रमाण देशागणिक मांडा. फक्त भारत असलेल्या ९७२ शीर्षकांपैकी ८९३ चित्रपट, मालिका ७९. फक्त दक्षिण कोरिया असलेल्या १९९ पैकी १५८ मालिका. जपानच्या २४५ पैकी १६९ मालिका. भारताकडून चित्रपट येतात, कोरिया-जपानकडून मालिका. ही एका नजरेत दिसणारी गोष्ट आहे आणि ती शंभर टक्क्यांच्या स्टॅक्ड बारवरच दिसते, जगाच्या नकाशावरच्या ठिपक्यांत नाही.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो: टाळा. एक तर छोट्या देशांचे ठिपके युरोपात एकमेकांवर चढतात. दुसरं म्हणजे भारतात प्रसिद्ध करायच्या नकाशावर देशाची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळली नाही तर तो कायद्याने गुन्हा आहे, आणि तयार व्हिज्युअलमधली काश्मीरची सीमा तुमच्या ताब्यात नसते. कंपनीत हा मुद्दा कोणीतरी काढतंच, आणि मग नकाशा उतरवावा लागतो.

साफसफाईत बाकी ठिकाणी फार अडकायचं कारण नाही, पण तीन-चार जागा बघाच. पॉवर क्वेरीतलं कॉलम प्रोफाइलिंग, म्हणजे कॉलममध्ये काय आणि किती रिकामं ते दाखवणारी सोय, आपोआप पहिल्या १,००० ओळींवरच चालतं. खाली स्टेटस बारवर क्लिक करून ते संपूर्ण डेटावर आणा. का, ते सांगतो. ड्युरेशनच्या (लांबीच्या) कॉलममध्ये तीन खण रिकामे आहेत आणि त्याच तीन ओळींच्या रेटिंगच्या (वयोगटाच्या) कॉलममध्ये '७४ मिनिटं', '८४ मिनिटं', '६६ मिनिटं' असे आकडे बसलेत. तिन्ही ओळी एकाच अमेरिकी स्टँडअप कॉमेडियनच्या कार्यक्रमांच्या. माहिती एक कॉलम डावीकडे सरकली, एवढंच. पण या ओळी साडेपाच हजारांच्या पुढे आहेत, त्यामुळे पहिल्या हजारांत सगळं हिरवंगार दिसतं आणि वयोगटाच्या स्लायसरमध्ये मात्र '७४ मिनिटं' नावाचा पर्याय उगवतो. मुलाखतीत कोणी तो स्लायसर खाली स्क्रोल केला की झालं. रेटिंगमध्ये 'मिनिट' असेल तर ते ड्युरेशनमध्ये हलवा आणि रेटिंग रिकामं करा, अशी एक कंडिशनल पायरी पुरते.

दुसरी जागा डेट-ॲडेड, म्हणजे नेटफ्लिक्सवर आल्याची तारीख. दहा खण खरोखर रिकामे. पण आणखी ८८ तारखांच्या सुरुवातीला एक मोकळी जागा आहे. पायथनमधून येणाऱ्यांना हा अनुभव असेल: पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तारखेचा नमुना पहिल्या नोंदीवरून ठरवला जातो, त्यामुळे ' ऑगस्ट ४, २०१७' या मोकळ्या जागेपाशी येऊन सगळं अडतं. मग कोणीतरी एरर गिळणारा पर्याय लावतो, प्रोग्रॅम चालतो, आणि १० च्या जागी ९८ तारखा गायब झालेल्या असतात. आधी ट्रिम, मग तारीख. पॉवर क्वेरीत प्रकार बदलताना 'युजिंग लोकेल' घेऊन अमेरिकी इंग्रजी निवडा. फाइल उघडताना ओरिजिनमध्ये युटीएफ-८ आहे ना तेही बघा, नाहीतर स्पॅनिश दिग्दर्शकांच्या नावांचा चिवडा होतो.

तिसरी जागा ड्युरेशन. चित्रपटाला मिनिटं, मालिकेला सीझन, एकाच कॉलममध्ये. दोन वेगळे संख्या-कॉलम करा आणि ज्याला जे लागू नाही तिथे रिकामं सोडा, शून्य घालू नका. शून्य सरासरीत शिरतं. चित्रपटांची सरासरी शंभर मिनिटांच्या अगदी जवळ येते. सर्वात लांब चित्रपट ३१२ मिनिटांचा निघेल आणि तुम्ही तो आउटलायर (बाकीच्यांत न बसणारा आकडा) म्हणून उडवायला जाल. तो 'ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच' आहे, प्रेक्षकाने पुढचं वळण निवडायचा इंटरॅक्टिव्ह चित्रपट. चित्रित केलेल्या सगळ्या वाटा मिळून एवढा वेळ होतो. एका बैठकीत कोणी ३१२ मिनिटं बघत नाही. सरासरीऐवजी मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दाखवा, म्हणजे त्याला हातही लावावा लागणार नाही.

चौथी जागा रिकाम्या खणांची. दिग्दर्शक २,६३४ ओळींत नाही, आणि त्यातल्या २,४४६ मालिका आहेत. म्हणजे 'टॉप दहा दिग्दर्शक' हा चार्ट मुळात चित्रपटांचाच आहे. तसं शीर्षकात लिहा. रिकाम्या जागी 'अननोन' भरायची सवय अनेकांना असते, आणि मग जगातला सर्वात कामसू दिग्दर्शक श्री. अननोन ठरतो. ते गाळलं की वर येतात राजीव चिलका, छोटा भीमवाले. लहान मुलांच्या ॲनिमेशनचे छोटे छोटे चित्रपट स्वतंत्र शीर्षक म्हणून मोजले गेल्याचा तो परिणाम. चार्ट खोटा नाही, पण 'नेटफ्लिक्सचा सर्वात महत्त्वाचा दिग्दर्शक' असं वाचलं तर फसायला होतं. मी तर हा चार्ट ठेवतच नाही. देशाचेही ८३१ खण रिकामे आहेत, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणून भारताचे १,०४६ म्हणताना 'किमान' हा शब्द लागतो.

जॉनरच्या बाबतीत थोडं डोकं लावा. एका शीर्षकाला जास्तीत जास्त तीन जॉनर, सगळे मिळून ४२. सर्वात वर येतो 'इंटरनॅशनल मूव्हीज', २,७५२. हा जॉनर नव्हे, अमेरिकेबाहेरचं ते सगळं भरायचा खण आहे. आपल्याकडचा कौटुंबिक मेलोड्रामा आणि तुर्कस्तानचा थरारपट त्यात शेजारी बसतात. त्याला आणि मालिकांच्या त्याच्या जुळ्या भावाला जॉनरच्या यादीतून काढून मुख्य टेबलमध्ये हो-नाहीचा एक कॉलम करा. 'ड्रामाज' आणि 'टीव्ही ड्रामाज', 'कॉमेडीज' आणि 'टीव्ही कॉमेडीज' अशा जोड्याही आहेत. ४२ ओळींचं एक मॅपिंग टेबल हाताने लिहा: मूळ नाव एका बाजूला, तुमचा गट दुसऱ्या बाजूला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्याने स्लायसर वापरण्याजोगा होतो. रेटिंगलाही असंच टेबल हवं. टीव्ही-एमए, टीव्ही-१४ ही अमेरिकी टीव्हीची पद्धत आणि आर, पीजी-१३ ही तिथल्या चित्रपटांची. दोन्ही एकाच कॉलममध्ये आहेत. लहान मुलं, मोठी मुलं, किशोर, प्रौढ असे गट पाडा आणि क्रमासाठी वेगळा नंबर-कॉलम देऊन 'सॉर्ट बाय कॉलम' लावा, नाहीतर अकारविल्हे लागून प्रौढ आणि मोठी मुलं एकमेकांच्या मांडीवर बसतात. टीव्ही-एमए एकट्याची ३,२०७ शीर्षकं आहेत, जवळजवळ ३६ टक्के. एनआर आणि यूआर दोन्हींचा अर्थ रेटिंग नाही एवढाच, ते एकत्र करा.

२०२१ ची घसरण. कॅटलॉगमध्ये भर पडल्याच्या वर्षानुसार आकडे असे आहेत: २०१६ मध्ये ४२९, २०१७ मध्ये १,१८८, २०१८ मध्ये १,६४९, २०१९ मध्ये २,०१६, २०२० मध्ये १,८७९ आणि २०२१ मध्ये १,४९८. फाइल सप्टेंबरलाच संपते, म्हणून शेवटचा बार अपुरा आहे. तो फिकट रंगाने दाखवा किंवा प्रत्येक वर्षाचे जानेवारी ते सप्टेंबर एवढेच महिने घेऊन तुलना करा. पण खरी मेख डाव्या बाजूला आहे. परवान्यावर घेतलेली शीर्षकं मुदत संपली की निघून जातात, आणि गेलेल्यांची नोंद या फाइलमध्ये नाही. २०१४ ला आलेलं आणि २०१८ ला गेलेलं शीर्षक इथे कधी नव्हतंच. त्यामुळे जुनी वर्षं जात्याच बुटकी दिसतात. आलेखाचं नाव 'दरवर्षी आलेली शीर्षकं' असं न ठेवता 'सप्टेंबर २०२१ ला असलेल्यांपैकी कधी आलेली' असं ठेवा. कंटाळवाणं आहे, पण बरोबर आहे. कोणाला खोलात जायचंच असेल तर याच फाइलच्या जुन्या आवृत्त्या, ६,२३४ आणि ७,७८७ ओळींच्या, घ्या आणि काय गेलं ते शोधा. फक्त शो आयडीवर जुळवू नका. पहिल्या आवृत्तीत तो नेटफ्लिक्सचा लांबलचक अंक होता, नंतर एस-१, एस-२ असा नुसता अनुक्रमांक झाला, आणि तो क्रमही पुढच्या आवृत्तीत बदलला. नाव, प्रकार आणि वर्ष मिळून जुळवावं लागतं.

वर्षाबद्दलही एक सावधगिरी. मालिकेचं रिलीज-इयर म्हणजे पहिल्या सीझनचं वर्ष नव्हे, ताज्या सीझनचं. 'ब्रेकिंग बॅड' २००८ ला सुरू झाली, इथे तिच्यापुढे २०१३ आहे. त्यामुळे प्रदर्शन आणि नेटफ्लिक्सवर आगमन यांतलं अंतर काढाल तेव्हा काही मालिकांत ते ऋण येईल. हे अंतर फक्त चित्रपटांसाठी काढा. आणि तारखांकडे एकदा महिन्यातल्या दिवसानुसार बघा: महिन्याच्या एक तारखेला उंच सुळका दिसतो. १ जानेवारी २०२० या एकाच दिवशी शंभरावर शीर्षकं आली. परवान्यांचे करार एक तारखेपासून लागू होतात, त्याची ही खूण. दुसरा फुगवटा शुक्रवारचा. परवान्याचं आणि स्वतःचं असा कॉलम फाइलमध्ये नसताना त्या भेदाची थोडीशी चाहूल इथे लागते. चाहूलच, पुरावा नाही.

एकाच सीझनच्या मालिका १,७९३ आहेत, दोन-तृतीयांश. 'नेटफ्लिक्स पहिल्या सीझननंतर मालिका बंद करतं' असा निष्कर्ष याखाली लिहिलेला मी अनेक पोर्टफोलिओंत पाहिलाय. त्या १,७९३ मध्ये एका सीझनपुरत्याच लिहिलेल्या मालिका आहेत, कोरियन मालिका आहेत, नुकत्याच सुरू झालेल्याही आहेत. बंद झाल्या की नाही ते हा कॉलम सांगत नाही.

इंटरॅक्टिव्ह करण्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे: दहा स्लायसर म्हणजे इंटरॅक्टिव्ह नव्हे. देश, जॉनरगट, प्रकार आणि आगमनाचं वर्ष, हे चार पुरतात. सिंक करून सगळ्या पानांवर तेच ठेवा. पानं तीन: कॅटलॉगची ठेवण, देश, आणि काळ. चौथं पान लपवलेलं, ड्रिलथ्रूसाठी. कुठल्याही बारवर राइट-क्लिक केलं की त्यामागच्या शीर्षकांची यादी, वर्णनासकट. लोक सर्वात जास्त रमतात ते याच पानावर, कारण आकड्यामागे आपल्याला माहीत असलेलं नाव सापडलं की डॅशबोर्डवर विश्वास बसतो. एडिट इंटरॅक्शन्समध्ये जाऊन कुठला चार्ट कुणाला फिल्टर करेल ते हाताने ठरवा. पॉवर बीआयचा मूळ स्वभाव हायलाइट करण्याचा आहे, आणि टक्क्यांच्या बारवर हायलाइट वाचताच येत नाही. तिथे फिल्टर लावा. काळाच्या आलेखावर क्लिक केल्याने एकूण संख्येचं कार्ड बदलावं, पण देशांची क्रमवारी हलू नये, असले निर्णय बघणाऱ्याच्या नजरेने घ्यायचे असतात.

एक सापळा मात्र ठळकपणे सांगायला हवा. जॉनरच्या स्लायसरमध्ये कंट्रोल दाबून 'ड्रामा' आणि 'कॉमेडी' दोन्ही निवडलं की पॉवर बीआय यांपैकी कुठलाही एक असलेली शीर्षकं देतं. बघणाऱ्याच्या मनात असतं दोन्ही असलेली. दोन्हींची हवी असतील तर वेगळं मेजर (हिशोबाचं सूत्र) लिहावं लागतं: निवडलेले जॉनर किती ते मोजा, प्रत्येक शीर्षकाला त्यांतले किती लागू होतात ते ब्रिजमधून मोजा, आणि दोन्ही आकडे समान असतील तेवढीच शीर्षकं धरा. शेजारी 'कोणताही / सर्व' असं बटण द्या. मुलाखतीत हे एक बटण दाखवलंत तर पुढची दहा मिनिटं त्यावरच बोलणं होईल, आणि तुम्हाला तेच हवं आहे.

काळी पार्श्वभूमी, लाल बार आणि कोपऱ्यात नेटफ्लिक्सचा लोगो, असं करू नका. लोगो त्यांचा ट्रेडमार्क आहे, आणि काळ्यावर लाल अक्षरं प्रोजेक्टरवर दिसत नाहीत. पांढरं पान, राखाडी बार, आणि ज्याकडे लक्ष वेधायचंय तेवढ्यालाच रंग. लेबलं मराठीत देणार असाल तर फॉन्ट निर्मला यूआय घ्या. जोडाक्षरं नीट येतात.

आता मराठी. या फाइलमध्ये भाषेचा कॉलमच नाही. देश भारत म्हटलं की हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम, मराठी सगळं एकाच पोत्यात, आणि जॉनर म्हणाल तर 'इंटरनॅशनल मूव्हीज'. चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला. या बारा कॉलमांत कुठेही तो मराठी आहे असं लिहिलेलं नाही. वर्णनात 'मराठी' शब्द शोधायचा जुगाड करू नका, आडनावांवरून भाषा ओळखायचा तर मुळीच नाही. बाहेरून भाषा आणावी लागेल. द मूव्ही डेटाबेस, म्हणजे टीएमडीबी, या लोकांनी मिळून चालवलेल्या साइटच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधून माहिती मागवायच्या सोयीत, प्रत्येक शीर्षकाची मूळ भाषा दोन अक्षरी कोडमध्ये मिळते. मराठीचा कोड एम-आर. अव्यावसायिक कामाला ती फुकट आहे, श्रेय द्यावं लागतं. देश भारत असलेले हजारेक शीर्षक घ्या, नाव आणि वर्ष पाठवा, उत्तर साठवून ठेवा. चित्रपटांना वर्ष एक पुढे-मागे चालेल असं धरा. मालिकांना वर्षाची अट लावूच नका, कारण वर सांगितलं तसं ते ताज्या सीझनचं असतं. एकाच नावाचे दोन-तीन चित्रपट निघतील तिथे दिग्दर्शकाच्या नावाने खात्री करा. जे जुळणार नाहीत त्यांना 'भाषा जुळली नाही' असा स्वतंत्र गट द्या आणि त्याची संख्या मराठीच्या आकड्याशेजारीच दाखवा. गाइडना आकडा लहान वाटेल. तो लहानच असणार, पण त्याच्या शेजारी न जुळलेल्यांचा आकडा असला की तो किती भरवशाचा आहे ते त्यांना स्वतःच ठरवता येईल. न जुळलेल्या यादीतून हाताने शोधायला बसलात तर एका रविवारात आटोपतं.

मागणीची बाजू खरोखर दाखवायची असेल तर ती वेगळ्या फाइलमधून आणा. डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने पहिल्यांदा पाहण्याच्या तासांचा सविस्तर अहवाल काढला. जानेवारी ते जून २०२३ चा, १८,००० हून अधिक शीर्षकांचा, एकूण जवळपास १०० अब्ज तास. त्यात प्रत्येक सीझन वेगळी ओळ आहे, तुमच्या फाइलमध्ये अख्खी मालिका एक ओळ. जोडण्याआधी सीझनचे तास एकत्र करावे लागतील. शिवाय एक फाइल २०२१ ची, दुसरी २०२३ ची. मी असतो तर जोडलंच नसतं, स्वतंत्र पान केलं असतं.

प्रसिद्ध कुठे करायचं? पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, पण विंडोजवरच चालतं, आणि ऑनलाइन टाकायला कॉलेजचा किंवा कंपनीचा ईमेल लागतो. जीमेल चालत नाही. कॉलेजच्या ॲडमिनने परवानगी दिलेली असेल तरच 'पब्लिश टू वेब' दिसेल. ते जमत नसेल तर हेच मॉडेल टॅब्लो पब्लिक या तशाच फुकट साधनात बांधा, मॅकवरही चालतं, मात्र सगळं जगाला उघडं असतं. पायथन येत असेल तर स्ट्रीमलिट, म्हणजे पायथनमध्येच डॅशबोर्ड लिहायची लायब्ररी, बरी. तिथे प्रत्येक क्लिकला अख्खा प्रोग्रॅम वरपासून पुन्हा धावतो, म्हणून फाइल वाचण्याची आणि फोडण्याची पायरी कॅशमध्ये ठेवा. काहीही निवडलंत तरी गिटहबवर मूळ फाइल, दोन मॅपिंग टेबलं आणि मॉडेल व्ह्यूचा (टेबलं कशी जोडलीत त्या चित्राचा) स्क्रीनशॉट ठेवा. मी उमेदवारांचं काम बघतो तेव्हा आधी तो स्क्रीनशॉट उघडतो, मग एकूण संख्येचं कार्ड ८,८०७ दाखवतंय का ते, आणि मग दोन जॉनर निवडून बघतो.